पिनकोडचं प्रारब्ध

अठरा वर्षं पूर्ण झाली, कच्चं लायसन्स निघालं, महिनाभर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर हात बसला, आरटीओच्या इन्स्पेक्टरसमोर रिव्हर्स आणि चढावर गाडी उचलणं पार पडलं, की पक्कं लायसन्स मिळतं. त्या दिवशी त्या मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर रस्त्यावरचं काहीच जमा नसतं. सिग्नल तोडलेला नसतो, कोणाला धडक दिलेली नसते, आणि दहा वर्षं जपून गाडी चालवल्याचं पुण्यही गाठीला नसतं. पाटी कोरी असते. तरीही लंडन, टोरांटो किंवा लॉस एंजेलिसमध्ये हाच तरुण गाडीचा विमा काढायला गेला, तर कंपनीकडे त्याच्यासाठी भरभक्कम आकडा तयार असतो. तो आकडा येतो त्याच्या वयावरून आणि तो राहतो त्या वस्तीवरून. तिथे गाड्या किती चोरीला जातात, चौकात टकरी किती होतात, भरपाईचे दावे किती लागतात, विमा न काढताच फिरणारे किती आहेत, गॅरेजवाला बंपरचे किती पैसे लावतो, हे सगळं त्याच्या हप्त्यात उतरतं. यातलं त्यानं स्वतः एकही केलेलं नसतं.

न केलेल्या कर्माचं फळ माथी यावं का, हा भारतीय दर्शनांचा जुना प्रश्न आहे. कर्मसिद्धान्त मांडणाऱ्यांनी दोन दोष कटाक्षानं टाळायचे ठरवले होते. केलेलं वाया जाणं हा एक, त्याला कृतहान म्हणतात. न केलेलं वाट्याला येणं हा दुसरा, तो अकृताभ्यागम. न्यायसूत्रांपासून वेदान्तापर्यंत आणि जैन आचार्यांच्या वादग्रंथांपर्यंत हे दोन दोष प्रतिपक्षावर टाकले गेले: तुमच्या म्हणण्याप्रमाणे जग चालत असेल तर माणसाला दुसऱ्याचं फळ भोगावं लागेल, मग नीतीला आधार कुठला? पुनर्जन्म मानण्यामागचं एक मोठं कारणही हेच. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला दुःख येतं, या जन्मात तर त्यानं काही केलेलं नाही, तेव्हा मागच्या जन्मात केलं असलं पाहिजे. विमा कंपनीपुढे पहिल्या दिवशी उभा असलेला चालक त्या बाळासारखाच असतो. त्याच्या बाबतीत मागच्या जन्माची जागा शेजाऱ्यांच्या दाव्यांनी घेतलेली असते.

भारतात हे चित्र बरंच निराळं आहे. आपल्याकडे विमा उतरतो तो गाडीचा. वैध लायसन्स असलेला कोणीही ती चालवू शकतो, आणि चालवणारा बावीस वर्षांचा आहे की बावन्न, यानं हप्त्यात फारसा फरक पडत नाही. पॉलिसीचे दोन भाग असतात. रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला इजा झाली तर त्याची भरपाई देणारा थर्ड पार्टीचा भाग कायद्यानं सक्तीचा आहे. आपल्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला लोक फर्स्ट पार्टी किंवा फुल इन्शुरन्स म्हणतात, तो ऐच्छिक आहे. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यावरच्या गाडीला ७,८९७ रुपये. गडचिरोली असो की गिरगाव, आकडा तोच.

जागेचा प्रवेश होतो तो दुसऱ्या भागात. २००२ च्या दरपत्रकानं खासगी मोटारींसाठी देशाचे दोन विभाग केले. अ विभागात अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे. ब विभागात उरलेला सगळा भारत, म्हणजे नागपूर, नाशिक, कोल्हापूर आणि अख्खा गोवा. दहा लाख रुपये विमामूल्याच्या, बाराशे सीसीच्या नव्या गाडीला अ विभागात ३.२८३ टक्के, ब विभागात ३.१९१ टक्के. हिशेब केला तर पुण्यात ३२,८३० आणि कोल्हापुरात ३१,९१० रुपये. फरक ९२० रुपयांचा. १ जानेवारी २००७ पासून या भागाचे दर खुले झाले, आणि आता कंपन्या गाडीचं मॉडेल आणि नोंदणीचं आरटीओ पाहून कमीजास्त सूट देतात. दरपत्रकातला ९२० रुपयांचा फरक निदान छापलेला होता, कोणालाही वाचता येत होता. सुटीचं गणित ग्राहकाला दिसत नाही. शिवाय नो क्लेम बोनसची शिडी आहेच. पहिलं वर्ष दाव्याविना गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. पहिल्यांदा गाडी घेणारा या शिडीच्या तळाशी असतो, आणि ते रास्तच आहे, कारण इथे मोजलं जातं ते त्याचं स्वतःचं वर्तन.

जागा पाहून जोखमीचा दर ठरवणं ही कल्पना परकी नाही. मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी १९६० च्या दशकात कौटिलीय अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्या ग्रंथात कर्जाच्या व्याजाचे दर दिले आहेत: शंभर पणांवर महिन्याला सव्वा पण हे धर्म्य व्याज, व्यापाऱ्यांसाठी पाच, अरण्यातून जाणाऱ्यांसाठी दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांसाठी वीस. याज्ञवल्क्यस्मृतीतही अरण्याला दहा आणि समुद्राला वीस असाच हिशेब आहे. वाट जितकी धोक्याची तितका दर चढा, आणि धर्मशास्त्राला यात वावगं वाटलं नाही. पण तिथे एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. समुद्रावर जायचं की नाही हे व्यापाऱ्यानं स्वतः ठरवलेलं असतं, आणि गलबत सुखरूप परतलं तर नफाही त्याचाच असतो. धोका आणि लाभ एकाच माणसाच्या पदरात पडतात. आईवडिलांनी वीस वर्षांपूर्वी जिथे परवडलं तिथे घर घेतलं आणि त्या घरातला मुलगा आज गाडी चालवायला लागला, तर त्यानं ती वस्ती पत्करलेली नाही, आणि तिथल्या चोऱ्यांतून किंवा टकरींतून त्याला छदामही मिळत नाही.

हा फरक राजकारणाच्या ऐरणीवर आला तो कॅलिफोर्नियात. तिथल्या विमा कंपन्या हप्ता ठरवताना पत्त्याला फार वजन देत. लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातल्या गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांतल्या निर्दोष चालकाला श्रीमंत उपनगरातल्या चालकापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजावे लागत. नोव्हेंबर १९८८ मध्ये प्रस्ताव १०३ मतदानाला आला. हार्वे रोझेनफिल्ड या वकिलानं तो लिहिला होता, विमा उद्योगानं त्याविरुद्ध कोट्यवधी डॉलर ओतले, आणि तरी तो निसटत्या बहुमतानं मंजूर झाला. हप्ता कशावर ठरवायचा याचा क्रमच त्यानं कायद्यात बांधून टाकला. सर्वांत आधी त्या माणसाचा सुरक्षित चालवण्याचा इतिहास, मग वर्षाला तो किती मैल चालवतो, मग त्याला किती वर्षांचा अनुभव आहे. बाकी सगळं, पत्त्यासह, या तिन्हींच्या खाली. कंपन्यांनी पत्त्याचं वजन टिकवायचे मार्ग शोधले आणि वाद बरीच वर्षं चालला. शेवटी २००६ मध्ये राज्याच्या विमा आयुक्तांनी नियम घट्ट केले, तेव्हा कुठे पत्ता खरोखर खाली सरकला.

या क्रमाकडे नीतीच्या नजरेनं पाहिलं तर तो फार विचारपूर्वक रचलेला दिसतो. पहिला निकष कृत्याचा, दुसरा धोका किती वेळा पत्करला त्याचा, तिसरा कौशल्याचा. नवख्या चालकाला तिसऱ्या निकषावर जास्त पैसे पडतात, पण तो निकष काळाबरोबर आपोआप सुधारतो. प्रत्येक वर्ष त्याच्या बाजूनं जमा होतं. पत्त्याचं तसं नाही. माणूस कितीही नीट वागला तरी पत्ता सुधारत नाही.

इथे बौद्ध परंपरेतलं एक सूत्र उपयोगी पडतं. संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकानं बुद्धाला विचारलं, की माणूस जे जे भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, यावर आपलं काय मत? बुद्धानं हे मत सरळ नाकारलं. काही वेदना पित्तामुळे होतात, काही कफामुळे, काही वातामुळे, काही तिन्हींच्या मिश्रणानं, काही ऋतू पालटल्यानं, काही चुकीच्या वागण्यानं, काही बाहेरच्या आघातानं, आणि आठवं कारण कर्मविपाक. आठातलं एक. जे जगात उघड डोळ्यांना दिसतं तेही तुम्ही कर्माच्या नावे घालता, हा त्या उत्तराचा रोख.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात हा धागा पुढे नेला. गतजन्मीच्या कर्मानं आजची स्थिती ठरते, या मताची त्यांनी कठोर चिकित्सा केली, आणि त्या मताचा सामाजिक उपयोग काय होतो तेही दाखवलं. गरिबाची अवस्था त्याच्या मागच्या कर्मामुळे आहे असं एकदा ठरलं, की राज्य आणि समाज यांची जबाबदारी संपते. पत्त्यावरून हप्ता आकारण्याच्या प्रश्नाला ही कसोटी जशीच्या तशी लागू पडते. वस्तीतला रस्ता वाईट आहे, दिवे बंद आहेत, चौकाची रचना चुकलेली आहे, पोलीस चौकी लांब आहे. या सगळ्याची किंमत त्या वस्तीत राहणाऱ्या नव्या चालकाच्या हप्त्यात गेली, की ज्यांनी रस्ता बांधला आणि दिवे लावायचे होते त्यांच्याकडे बिल जातच नाही. चालकावर अन्याय होतो हे खरंच. त्याहून मोठी गोष्ट अशी, की दोषी सुटतो, आणि दोषी सुटल्यामुळे रस्ता तसाच राहतो.

पुण्याजवळचं उदाहरण पाहावं. मुंबई-बंगळुरू महामार्गावर नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत लांबलचक उतार लागतो. साताऱ्याकडून आलेले जड ट्रक इथे डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात. गिअर सुटला की इंजिनाची ओढ जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तळाशी, जिथे नऱ्हे, वडगाव आणि धायरीची रहदारी महामार्गाला मिळते, तिथे ते धरत नाहीत. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री अशाच एका अवजड वाहनानं उतारावर कितीतरी गाड्यांना एकामागून एक उडवलं. त्यानंतर वेगमर्यादा, रंबलर, फलक, कॅमेरे असे उपाय झाले, अपघात मात्र थांबले नाहीत. ज्या गाड्या त्या रात्री चेपल्या त्यांत कोणी दहा वर्षं मुरलेला चालक असेल, कोणी महिन्याभराचा. उतारानं दोघांत भेद केला नाही.

थॉमस नेगल आणि बर्नार्ड विल्यम्स या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये नैतिक नशीब हा विषय मांडला, त्यातलं नेगलचं उदाहरणही ट्रकचंच आहे. ब्रेक तपासून घ्यायचा आळस दोन ड्रायव्हर करतात. एकाच्या वाटेत मूल येतं, दुसऱ्याच्या येत नाही. दोघांची चूक सारखी, तरी एकाच्या वाट्याला आयुष्यभराचा अपराध आणि दुसऱ्याला त्याची जाणीवही नाही. तत्त्वज्ञान इथे अडखळतं. विमा अडखळत नाही, कारण तो नेमका याच नशिबासाठी निघाला. मूल वाटेत येणाऱ्याचा आणि न येणाऱ्याचा पैसा एका डब्यात जमवायचा आणि जिथे नशीब फिरलं तिथे तो काढायचा, हेच त्याचं काम. मग ज्यांचं नशीब आधीच वाईट जागी आहे त्यांच्याकडून डब्यात जास्त टाकायला लावणं त्या कामाला कितपत धरून आहे, हा प्रश्न विमा व्यवसायानं स्वतःला विचारायला हवा.

त्यांच्याकडे उत्तर नाही असं नाही, आणि ते हलकंही नाही. विम्याच्या जोखमीचं गणित मांडणारा ॲक्चुअरी सांगेल, की हप्ता हा चारित्र्याचा दाखला नसतो, तो पुढच्या वर्षीच्या खर्चाचा अंदाज असतो. मुंबईत गाड्या जास्त आदळत असतील आणि दर मात्र सगळीकडे सारखा ठेवला, तर कोल्हापूरकर मुंबईकराचं बिल भरेल. त्यानं तरी काय पाप केलं? तो कंटाळून फुल इन्शुरन्स घेणंच सोडेल, मागे फक्त जास्त जोखमीचे उरतील, आणि दर आणखी चढेल. हे गणित खरं आहे. हवाई राज्यात वय आणि चालवण्याच्या अनुभवाची वर्षं हे दोन्ही निकष वापरायला कायद्यानं मनाई आहे. तिथल्या नवख्याला इतर राज्यांतल्यासारखा चटका बसत नाही, पण त्याचा वाटा अनुभवी चालक उचलतात. कोणीतरी उचलतोच.

पण या उत्तराला दोन ठिकाणी खिंडार आहे.

एक म्हणजे, आकारलेला दर दरवेळी त्या जागेच्या खऱ्या खर्चाइतकाच असतो असं दिसत नाही. २०१७ मध्ये प्रोपब्लिका आणि कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी संस्थांनी कॅलिफोर्निया, इलिनॉय, मिसुरी आणि टेक्सास या चार राज्यांतल्या वस्त्यांमध्ये कंपन्यांनी दिलेली भरपाई आणि आकारलेले हप्ते ताडून पाहिले. जोखीम सारखी असतानाही काही कंपन्या अल्पसंख्याकांच्या वस्त्यांत जास्त हप्ता लावत होत्या. ही तफावत सर्वांत कमी होती ती प्रस्ताव १०३ च्या कॅलिफोर्नियात. इंग्लंडमध्ये सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेनं २०२२ साली दाखवलं, की २०२१ मध्ये गौरेतर लोकांना मोटार विम्यासाठी सरासरी २५० पौंड जास्त मोजावे लागले. अर्जात वंश विचारलेलाच नव्हता. तो विचारावा लागतच नाही, कारण पोस्टकोड बरंच काही सांगून जातो.

दुसरं, महाग दर स्वतःच जोखीम वाढवतो. मिशिगन राज्यातलं डेट्रॉइट हे त्याचं ढळढळीत उदाहरण. हप्ता परवडत नाही म्हणून असंख्य लोक तिथे विम्याविना गाडी चालवत राहिले, त्यांच्या अपघातांचा खर्च विमा असलेल्यांवर पडला, म्हणून हप्ता आणखी चढला. २०१९ मध्ये मिशिगननं कायदा बदलला आणि हप्ता ठरवताना झिपकोड वापरायला बंदी घातली. कायद्यात प्रदेश ही वेगळी कोटी मात्र राहू दिली, नियामकाच्या मंजुरीनं. दार लावून खिडकी उघडी ठेवावी तसं ते झालं.

परदेशी गेलेल्या मराठी माणसाला या सगळ्यात आणखी एक अनुभव येतो. पुण्यात पंधरा वर्षं गाडी हाकलेला अभियंता लंडनला बदलून जातो. भारतीय लायसन्सवर त्याला तिथे एक वर्ष चालवता येतं, मग ब्रिटिश परीक्षा द्यावी लागते, आणि बऱ्याच विमा कंपन्यांच्या लेखी तो नवखाच ठरतो. कात्रजच्या घाटात, पावसात, एसटीच्या मागे घालवलेली पंधरा निर्धोक वर्षं हिशेबात धरली जात नाहीत. हा पहिला दोष, कृतहान. नवख्या स्थानिकावर न केलेल्याचं ओझं पडतं आणि या माणसाचं केलेलं पुसलं जातं. कायदा अशा गोष्टी बदलू शकतो, हे युरोपच्या न्यायालयानं १ मार्च २०११ ला दाखवून दिलं होतं. स्त्री की पुरुष यावरून विम्याचा दर ठरवायचा नाही, असा निकाल आला आणि २१ डिसेंबर २०१२ पासून तो लागू झाला. तरुण मुलींचा हप्ता मुलांपेक्षा कमी असे, तो फरक एका तारखेला संपला. कंपन्यांकडे त्या फरकाचे आकडे होते. आकडे खरे असले तरी ते वापरायचे की नाही हा निर्णय समाजाचा असतो, एवढं त्यातून पक्कं झालं. पत्ता आणि वय यांच्याबाबत तो निर्णय तिथे अजून झालेला नाही.

धर्मपरंपरांमध्ये जोखीम वाटून घेण्याच्या जुन्या रीती आहेत, त्यांत आकारणीचा हा सोस दिसत नाही. इस्लामी कायद्यात चुकून घडलेल्या मनुष्यवधाची भरपाई एकट्या माणसानं द्यायची नसते. त्याचं कुळ किंवा गट, ज्याला आकिला म्हणतात, ती मिळून देतो. याच परंपरेत १९८५ मध्ये जेद्दाच्या इस्लामी फिक्ह अकादमीनं ठराव केला, की ठराविक हप्त्याचा व्यापारी विमा निषिद्ध, परस्पर सहकार्याचा ग्राह्य. न्यूझीलंडमध्ये १९६७ साली न्यायमूर्ती वुडहाऊस यांच्या आयोगानं धर्माचं नाव न घेता जवळपास तेच सांगितलं. अपघातग्रस्त माणूस ही संपूर्ण समाजाची जबाबदारी, हे त्यांचं पहिलं तत्त्व. १९७४ पासून तिथे अपघातात जखमी झालेल्याला चूक कोणाची हे न पाहता सार्वजनिक निधीतून भरपाई मिळते, आणि गाडीवाला आपला वाटा वाहनाच्या नोंदणीबरोबर आणि पेट्रोलबरोबर भरतो.

आपला थर्ड पार्टीचा एकसमान दर या विचाराच्या जवळ जातो, आणि तो तसाच राहायला हवा. तो सक्तीचा आहे, तो नसेल तर गाडी रस्त्यावर आणणंच गुन्हा आहे. म्हणजे तो कायदा पाळण्याचा खर्च आहे. कायदा पाळण्याचा खर्च गरीब वस्तीत जास्त आणि सुखवस्तू वस्तीत कमी असू नये. शिवाय त्या पैशावर हक्क असतो तो धडक बसलेल्या माणसाचा. सर्वोच्च न्यायालयानं २००४ च्या स्वर्ण सिंह निकालात हीच दिशा पक्की केली: चालकाकडे लायसन्स नव्हतं किंवा ते खोटं होतं असं निघालं तरी कंपनीनं बळीच्या कुटुंबाला आधी पैसे द्यावेत आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावेत. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाच्या बाबतीतही १ एप्रिल २०२२ पासून मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. त्या कुटुंबाला मारणारा कोण, हेदेखील माहीत नसतं. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रात. इतक्या मोठ्या दुःखाची वर्गणी कोणाच्या पिनकोडवरून कमीजास्त करण्यात शहाणपण नाही.

ऐच्छिक भागात मात्र जागेला स्थान असू शकतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर पुष्कळांनी, विशेषतः ज्यांना हे पहिल्यांदाच घडत होतं त्यांनी, आधी किल्ली फिरवून पाहिली. एअर फिल्टरमधून आत गेलेलं पाणी सिलिंडरमध्ये दबत नाही, पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन जातं. आणि सर्व्हेअर सांगतो, की पुराचं नुकसान पॉलिसीत आहे, पण किल्ली फिरवल्यानं झालेलं पुढचं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्टचा जोड घ्यावा लागतो. हा जोड तळमजल्याच्या पार्किंगवाल्याला महाग आणि टेकडीवरच्याला स्वस्त पडला तर त्यात गैर काही नाही, कारण इथे जपायची आहे ती आपली वस्तू, आणि तो जोड घ्यायचा की नाही हे आपल्या हातात आहे. नव्या चालकाला पॉलिसी विकताना किल्लीची ती गोष्ट मात्र कोणीतरी नीट सांगायला हवी.

राहिला प्रश्न जागा सुधारण्याचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसं दगावली होती. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्रा यांनी मिळून एकही मृत्यू होऊ नये असं ध्येय ठेवून काम सुरू केलं. कडेला उभे राहणारे ट्रक हटवले, गाडी थेट आदळेल असे उघडे काँक्रीटचे कठडे झाकले, क्रॅश बॅरिअर लावले, रुग्णवाहिका लवकर पोहोचेल अशी सोय केली. पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. चालक तेच होते, रस्ता बदलला. केंद्राच्या व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गाच्या पाचशे मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत पाच गंभीर किंवा प्राणघातक अपघात किंवा दहा मृत्यू झाले की तो ब्लॅक स्पॉट ठरतो. विमा कंपन्यांकडे तर किरकोळ टकरींचेही दावे जमा असतात, तारखेसह आणि ठिकाणासह. हे आकडे फक्त हप्ता वाढवायला न वापरता दरवर्षी महापालिका आणि महामार्ग प्राधिकरणापुढे जाहीरपणे ठेवले, तर बिल निदान योग्य पत्त्यावर जाईल.

हे होईपर्यंत नव्या चालकासाठी आणखी एक वाट उघडली आहे. जुलै २०२२ मध्ये विमा नियामकानं, किती किलोमीटर चालवता आणि कसं चालवता यावर हप्ता ठरवायला परवानगी दिली. इंग्लंडमध्ये तरुणांच्या गाडीत बसवलेली काळी पेटी हेच करते: वेग, वळणं, ब्रेक किती जोरात लागला, गाडी रात्री किती वाजता बाहेर पडली. कोऱ्या पाटीवर स्वतःच्या कृत्याची पहिली ओळ लवकर लिहिली जाते, म्हणून हे स्वागतार्ह आहे. पण यात जागा मागच्या दारानं परत येऊ शकते. रात्रपाळीची परिचारिका रात्री अकराला निघते, कारण ड्यूटीच तशी लागते. धायरीचा मुलगा नवले पुलाच्या उतारावर रोज जोरात ब्रेक दाबतो, कारण मागचा ट्रक न्यूट्रलमध्ये येतोय की काय हे त्याला बघावं लागतं आणि पुढची रहदारी अचानक थांबते. यंत्राच्या नोंदीत तो बेफिकीर ठरेल. उतारावरचा ब्रेक आणि सपाट रस्त्यावरचा ब्रेक वेगळा धरला आहे का, रात्रपाळीला वेगळा हिशेब आहे का, हे नियामकानं प्रत्येक कंपनीकडून मंजुरीआधी लेखी मागून घ्यावं, आणि ते सूत्र पॉलिसीच्या कागदासोबत ग्राहकाला मराठीत वाचायला द्यावं.